गाडीतला पंखा आणि घरातला रोजमेळ

खानदेशच्या माणसाला ऊन म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागत नाही. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला, की दुपारी बाजारपेठ आपोआप सामसूम होते. दुकानांपुढे ओली गोणपाटे लटकतात, आणि माल भरायचा तो पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. उन्हाळ्याची ही कीर्ती महाराष्ट्रभर आहे. मात्र खानदेशच्या थंडीची ओळख बाहेरच्या माणसाला सहसा नसते. मार्गशीर्ष-पौषात धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील तापमापक कित्येकदा एक आकडी अंक दाखवतो, आणि राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत धुळ्याचे नाव वर येते. १९०६ साली इंग्रज सरकारने खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. हवेने मात्र ही वाटणी कधी मानली नाही. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठची काळी जमीन उन्हाळ्यात तव्यासारखी तापते आणि हिवाळ्याच्या पहाटे दगडासारखी गार पडते.

अशा प्रदेशात व्यापारी कुटुंबाचा पाय घरात ठरत नाही. जळगावची लेक धुळ्यात, धुळ्याची लेक जळगावात. पारोळ्याचा कापूस, रावेरची केळी, जळगावची डाळ आणि सोने, धुळ्याची घाऊक पेठ. लग्नकार्य असो, वसुली असो, दर्शन असो किंवा आजाऱ्याची विचारपूस असो, गिरणेवरचा बांभोरीचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा आणि धुळे ही वाट पिढ्यान्पिढ्या तोंडपाठ झालेली आहे. आजोबांच्या काळी ती बैलगाडीने आणि एस.टी.ने होत असे. मग कोणाच्या दारी अँबॅसिडर आली, कोणाच्या दारी फियाट. त्या गाड्यांच्या पुढच्या दाराला एक लहान त्रिकोणी काच असे. ती तिरकी केली की वाऱ्याचा झोत थेट अंगावर येई, आणि तेवढ्यावर मे महिन्याचा प्रवास निभावत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या घरात गाडी शिरली. पुढे वातानुकूलन हे श्रीमंतीचे लक्षण न राहता गरज ठरले, आणि ती त्रिकोणी काच नाहीशी झाली. वारा आता खिडकीतून येईनासा झाला. तो डॅशबोर्डमागे दडलेल्या एका लहानशा पंख्याकडून येऊ लागला. या पंख्याला सारे जण ब्लोअर म्हणतात.

हा पंखा दिसत नाही, म्हणून त्याचे महत्त्वही ध्यानात येत नाही. अनेकांची समजूत अशी असते, की गार हवेचे यंत्र वेगळे आणि गरम हवेचे वेगळे. वस्तुतः दोन्हींचा वारा एकच पंखा पुरवतो. डॅशबोर्डच्या आत एका बाजूला गार नळ्यांची जाळी असते, दुसऱ्या बाजूला गरम पाण्याची. पंखा हवा ढकलतो, आणि आतला एक पडदा ती हवा कोणत्या जाळीतून न्यायची ते ठरवतो. पंखा बंद पडला, की उन्हाळ्यात गारवा गेला आणि हिवाळ्यात ऊबही गेली. बहुतेक गाड्यांत तर ब्लोअर चालू असल्याखेरीज एसीचा कॉम्प्रेसरही चालू होत नाही.

हीटरची गोष्ट व्यापारी मनाला विशेष रुचावी अशी आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचतच नाही, ती उष्णता होऊन वाया जाते. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती जे पाणी फिरते, ते साधारण ऐंशी ते नव्वद अंशांपर्यंत तापते. हेच तापलेले पाणी थोडेसे वळवून एका छोट्या जाळीतून नेले आणि तिच्यावर पंख्याने हवा फुंकली, की गाडीत ऊब येते. म्हणजे हीटरसाठी वेगळे इंधन जाळावे लागत नाही. जे वाया जाणारच होते, त्यातूनच हे काम होते. सरकीची पेंड, डाळीची चुणी आणि केळीच्या खोडाचा धागा विकणाऱ्या प्रदेशाला हे तत्त्व नवे नाही. याउलट गारवा हा विकत घ्यावा लागतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९ साली गाडीत वातानुकूलन आणले, तेव्हा ते यंत्र सामानाची जागा अडवून बसे, आणि ते बंद करायचे तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे. त्याच सुमारास नॅश कंपनीने बाहेरची हवा आत घेऊन, ती तापवून पंख्याने गाडीभर पसरवण्याची सोय केली होती. आजच्या प्रत्येक गाडीतील बटणांमागे या दोन्ही कल्पना एकत्र नांदत आहेत.

तरीही जळगावात कोणी म्हणाले, की गाडीचा हीटर चालत नाही, तर ऐकणारा हसतो. पंचेचाळीस अंशांच्या गावात हीटर कशाला हवा? या हसण्यातच एक चूक दडलेली आहे. हीटरचा पंखा केवळ हात शेकण्यासाठी नसतो. पुढच्या काचेवर आतून साचणारे धुके तोच पुसतो. चार-पाच माणसे बंद गाडीत बसली, की त्यांच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जमते आणि पाहता पाहता काच दुधासारखी पांढरी होते. पावसाळ्यात कन्नडच्या घाटात आणि हिवाळ्यात एरंडोलच्या पुढे पहाटे हे हमखास घडते. आणखी एक प्रसंग असतो. चढावर इंजिन तापू लागले आणि काटा लाल रेषेकडे सरकला, तर जाणता चालक एसी बंद करतो, हीटर पूर्ण गरम करून पंखा शेवटच्या वेगावर ठेवतो आणि सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घेतो. त्यामुळे इंजिनची काही उष्णता गाडीत ओढली जाते. बसलेल्यांना घाम फुटतो खरा, पण इंजिन वाचण्याची शक्यता वाढते. म्हणजे ऐन मे महिन्यातही हीटरचा पंखा उपयोगी पडतो.

जळगावातील एका कापूस-व्यापारी कुटुंबाला ही गोष्ट एका डिसेंबरात चांगलीच उमगली. नवरात्रापासून त्यांच्या गाडीच्या ब्लोअरची पहिली तीन घरे मुकी झाली होती. बटण एकवर ठेवा, दोनवर ठेवा, तीनवर ठेवा, काहीच होत नसे. चारवर मात्र पंखा जोरात फिरे. घरातील कर्त्या पुरुषाने त्यावर समाधान मानले. गार हवा मिळते आहे ना, मग गॅरेजमध्ये अर्धा दिवस कशाला घालवायचा? हंगाम कापसाचा होता आणि जिनिंगमध्ये गाड्यांची रीघ लागली होती. पुढे थंडी पडली, एसीची गरज संपली आणि ब्लोअरला कोणी हातच लावला नाही. गाडी रोज जिनिंगच्या आवारात कडुलिंबाखाली उभी राहत होती. उडणारी रुई, झाडाची पाने आणि काळ्या मातीची धूळ तिच्यावर साचत होती.

मग एका रात्री धुळ्याहून निरोप आला. कर्त्या पुरुषाच्या मातोश्रींच्या धाकट्या बहिणीला दवाखान्यात हलवले होते. मातोश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर, त्यात दम्याचा विकार. उजाडेपर्यंत थांबण्यास त्या तयार नव्हत्या. पहाटे पाचला पाच माणसे गाडीत बसली. गिरणेच्या पुलावरच काच अंधुक होऊ लागली. ब्लोअर चारवर ठेवला. क्षणभर घरघर झाली, आणि मग सारे शांत. पुन्हा बटण फिरवले, पण वाऱ्याची झुळूकही आली नाही. फडक्याने काच पुसत, पुढे वाकून बघत, गाडी एरंडोलच्या पुढे गेली. तेथे कापसाने भरलेली एक ट्रॉली ट्रॅक्टरमागे चालली होती. तिला मागे ना दिवा होता ना लाल कापड. पांढऱ्या काचेपलीकडे पांढरा कापूस दिसला, तो अगदी शेवटच्या क्षणी. ब्रेक लागले, गाडी तिरकी होऊन थांबली, आणि मागे बसलेल्या नातवाचे डोके पुढच्या आसनावर आपटले. इजा कोणालाच झाली नाही. पण त्यानंतर बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

पारोळ्याला रस्त्याकडेच्या एका टपरीवर एक तरुण कारागीर जागा होता. त्याने फ्यूजची पेटी उघडली. ब्लोअरचा फ्यूज जळालेला होता. त्याच्याकडे त्या मापाचा फ्यूज नव्हता. तो सहज म्हणाला, "एक तार टाकून देतो शेठ, धुळ्यापर्यंत आरामात जाल." मातोश्रींना खोकल्याची उबळ येत होती. कर्ता पुरुष "टाक" म्हणणार, इतक्यात मागून त्याच म्हणाल्या, "नको रे दादा, तार नको घालू. थंडी सोसता येते." त्यांच्या माहेरची जिनिंग होती. लहानपणी एका रात्री गंजीला लागलेली आग त्यांनी पाहिली होती, आणि तिची सुरुवात एका उघड्या तारेतून झाली होती, हे त्या विसरल्या नव्हत्या.

दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली करून, मातोश्रींना शालीत गुंडाळून, ताशी तीसच्या वेगाने गाडी धुळ्याला पोहोचली. बहिणींची भेट झाली. दुपारी गाडी आग्रा रोडवरच्या एका वृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनपुढे उभी राहिली. त्याने ज्या रीतीने दोष शोधला, ती रीत प्रत्येक व्यापाऱ्याने पाहावी अशी होती.

दिवसअखेर रोकड जुळत नसेल, तर जुना मुनीम सगळी वही नव्याने लिहायला घेत नाही. शिल्लक शेवटची कोणत्या पानावर बरोबर होती, ते तो आधी पाहतो. तेथून पुढे एकेक नोंद तपासत जातो, आणि जिथे बेरीज तुटते तिथे बोट ठेवतो. विजेचा माग असाच काढायचा असतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह किल्लीच्या स्विचमधून फ्यूजकडे जातो, तेथून रिलेकडे, मग मोटरकडे. वेगाचे बटण आणि रेझिस्टर यांच्या वाटेने तो शेवटी गाडीच्या लोखंडी अंगाला म्हणजे अर्थिंगला मिळतो. गाडीगाडीत हा क्रम थोडा मागेपुढे असतो, पण साखळी हीच. पंखा फिरत नाही याचा अर्थ या साखळीतील एक कडी तुटली आहे. कोणती, हे न पाहता नवी मोटर बसवणे म्हणजे शंभर रुपयांचा फरक सापडत नाही म्हणून मुनीमच बदलण्यासारखे आहे.

मिस्तरीने प्रथम प्रश्न विचारले. आधी कसा चालायचा? कोणत्या घरावर चालायचा? बंद पडताना आवाज आला का? उत्तरांतून त्याला अर्धे निदान मिळाले. पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल, तर दोष बहुधा रेझिस्टरचा. वेग कमी करण्यासाठी प्रवाह त्याच्यातून अडवून नेला जातो. शेवटच्या वेगाला मात्र तो टाळून थेट वाट दिलेली असते. म्हणून रेझिस्टर जळाला, तरी चौथे घर जिवंत राहते. पंखा डॅशबोर्डखाली थाप मारल्यावर सुरू होत असेल, तर मोटरचे कार्बन झिजले समजावे. चीं चीं असा आवाज येत असेल, तर बुश कोरडा पडला. वारा कमी पण पंख्याचा आवाज पूर्ण, तर फिल्टर तुंबला. आणि काहीच होत नसेल, तर फ्यूजपासून सुरुवात करावी.

फ्यूज तर जळालेलाच होता. हिरव्या रंगाचा, तीस अँपिअरचा. चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, पारदर्शक पंचवीसचा, हिरवा तीसचा. पण मिस्तरीने नवा फ्यूज लगेच लावला नाही. "फ्यूज मेला नाही शेठ, त्यानं जीव देऊन गाडी वाचवली," तो म्हणाला. "कशापायी दिला, ते आधी बघू." समोरच्या कप्प्याच्या खाली हात घालून त्याने तीन स्क्रू काढले आणि पंख्यासह मोटर बाहेर घेतली. पंखा हाताने फिरेना. त्याच्या पात्यांत रुई गच्च गुंडाळलेली होती, कडुलिंबाच्या काड्या होत्या, आणि हवा शिरण्याच्या वाटेवर उंदराने रुईचेच एक नीटनेटके घरटे बांधलेले होते. मातोश्रींनी निरोप कळताच पहिला प्रश्न विचारला तो घरट्यात पिले होती का, हा. घरटे रिकामे होते.

आता सारा हिशेब उलगडला. फिल्टर महिनोन्महिने न बदलल्याने तो नमद्यासारखा घट्ट झाला होता. रेझिस्टर मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि त्याला थंड करायला तोच वारा लागतो. वारा कमी झाला, तसा रेझिस्टर जास्त तापून नवरात्रात जळाला. त्याच्या जोडणीचे प्लास्टिकही करपून तपकिरी झाले होते. तो पहिला इशारा होता. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे पंखा वापरात नसताना आत घरटे झाले. त्या पहाटे बटण चारवर नेले, तेव्हा पाती अडकली. अडकलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते. म्हणून फ्यूज जळाला. त्याच्या जागी पारोळ्याला तार घातली असती, तर तार जळाली नसती. त्याऐवजी डॅशबोर्डमागची वायर लाल झाली असती, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर कोरड्या रुईचे घरटे होते.

हे ऐकून कर्ता पुरुष काही क्षण गप्प राहिला. मग त्याने विचारले, की साफ करून हीच मोटर चालेल का. मिस्तरीने बॅटरीवरून फ्यूज असलेली तार जोडून मोटर फिरवून दाखवली. ती फिरली, पण जड आवाज करीत. कार्बन झिजले होते. "चालेल," तो म्हणाला, "पण किती दिवस, ते सांगता येणार नाही. आईसाहेब बसतात गाडीत." शेवटच्या वाक्यापुढे भावाची घासाघीस झाली नाही. नवी मोटर, नवा रेझिस्टर, त्याची नवी जोडणी, नवा फिल्टर आणि मूळ मापाचाच फ्यूज. संध्याकाळी चारही घरे बोलू लागली.

प्रत्येक वेळी दोष इतका गुंतागुंतीचा नसतो. फ्यूज शाबूत असेल, तर मिस्तरी रिलेकडे वळतो. त्याच पेटीत त्याच नमुन्याचा दुसरा रिले असेल, तर दोघांची अदलाबदल करून पाहणे ही बिनखर्चाची परीक्षा आहे. रिलेही ठीक असेल, तर मोटरच्या जोडणीवर मल्टीमीटर लावावा. तेथे बारा व्होल्टच्या आसपास वीज येत असेल, अर्थिंगही पक्की असेल आणि तरीही मोटर हलत नसेल, तर मोटरच गेली. वीज येतच नसेल, तर मोटर निर्दोष असण्याचा संभव आहे, आणि मुनीमासारखे एकेक पान मागे जावे लागते. कित्येकदा एखादी गंजलेली अर्थिंगची चकती घासून घट्ट केली, की हजारोंचा खर्च वाचतो. आपोआप तापमान राखणाऱ्या नव्या गाड्यांत साध्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तेथे घरगुती प्रयोग न केलेले बरे. कोणत्याही गाडीत डॅशबोर्डच्या आत हात घालण्यापूर्वी किल्ली बंद हवी. एअरबॅगच्या तारा दिसल्या, तर त्यांना स्पर्शही करू नये.

यातील बहुतेक दोष मुळात होऊच नयेत अशी काळजी घरातला कोणीही घेऊ शकतो. केबिनचा फिल्टर बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे असतो आणि काही मिनिटांत निघतो. जिनिंग, डाळ मिल किंवा बांधकामाजवळ गाडी उभी राहत असेल, तर तो कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीपेक्षा लवकर तपासावा. माघ-फाल्गुनात कडुलिंब पाने टाकतो, तेव्हा वायपरखालची जाळी दर आठवड्याला हाताने साफ करावी. तेथे पाला कुजला, तर पावसाचे पाणी निचरा न होता आत उतरते आणि मोटर गंजते. उंदरांसाठी विष ठेवण्याचा विचार व्यापारी जैन घरात सहसा कोणी करीत नाही, आणि त्याची गरजही नाही. गाडीत खाण्याचे डबे, फरसाणाचे कण, धान्याचे नमुने राहू देऊ नयेत, फार दिवस उभी राहणारी गाडी अधूनमधून चालवावी, आणि बाहेरची हवा घेणारे दार बंद, म्हणजे हवा आतल्या आत फिरण्याच्या स्थितीत ठेवून गाडी उभी करावी. बहुतेक गाड्यांत त्यामुळे पंख्याकडे जाणारी वाट अडते. ज्याला घरटे बांधायला जागा मिळाली नाही, त्याचे घरटे मोडण्याचे पापही लागत नाही.

बर्फासारख्या थंड पहाटे काच धुरकटली, तर हवा काचेकडे वळवावी, बाहेरची हवा घ्यावी, तापमान गरम ठेवावे आणि जोडीला एसीही चालू करावा. थंडीत एसी म्हटल्यावर पुन्हा लोक हसतील. पण गार जाळीवर हवेतील ओल गळून पडते, मग तीच हवा गरम होऊन कोरडी बाहेर येते आणि काच लवकर स्वच्छ होते. पंखा बंदच असेल, तर काचा बोटभर उघडाव्यात, काच आतून कोरड्या सुती कापडाने पुसावी, आणि तरीही दिसत नसेल तर उजाडेपर्यंत थांबावे. ऊब मिळावी म्हणून बंद जागेत इंजिन चालू ठेवून झोपणे तर प्राणावर बेतू शकते. धुराड्यातील विषारी वायूला ना रंग असतो ना वास.

उन्हाळ्यातील बंद पंखा याहून निर्दय असतो. उन्हात उभ्या, बंद गाडीतील तापमान अर्ध्या-पाऊण तासात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी वाढू शकते. "पाच मिनिटांत दुकानातून येतो" म्हणून लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून जाणे जळगावच्या मे महिन्यात कधीही करू नये, ब्लोअर चालू असो वा बंद. पंखा नादुरुस्त असेल आणि जाणे अटळ असेल, तर पहाटे किंवा सूर्यास्तानंतर निघावे, काचा उघड्या ठेवाव्यात, पिण्याचे पाणी जवळ ठेवावे.

व्यापारात नुकसान क्वचितच एका दिवसात होते. आधी एखादी नोंद राहून जाते, मग एखादी उधारी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून पुढे ढकलली जाते, आणि दिवाळीला वही बदलताना लक्षात येते, की तोटा कितीतरी आधी सुरू झाला होता. म्हणूनच वाडवडिलांनी रोजमेळ रोजच्या रोज करण्याची शिस्त घालून दिली. घरातील यंत्रांनाही हीच शिस्त लागू पडते. पंख्याची तीन घरे मुकी झाली आणि चौथे चालू आहे, ही गोष्ट सोयीची वाटते. प्रत्यक्षात ती न जुळलेली शिल्लक असते. ती जुळवण्याची वेळ ती दिसली त्याच दिवशी असते. त्या कुटुंबात आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फिल्टर काढून झटकण्याचे काम नातवाकडे आहे. मल्टीमीटर कसा धरायचा, हेही तो धुळ्याच्या त्या मिस्तरीकडून शिकून आला आहे. धाकट्या बहिणीची प्रकृती सुधारली आहे, आणि मातोश्रींच्या धुळ्याच्या फेऱ्याही वाढल्या आहेत. त्या मात्र अजूनही शाल बरोबर घेऊनच गाडीत बसतात.